क्षयरोगाचा प्रसार रोखताना परिचारिकेचे काम : मुंबईत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या महापालिका रुग्णालयात, उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये किंवा वस्तीतल्या ‘आपला दवाखान्या’त परिचारिका म्हणून रुजू झालात, की क्षयरोगाशी तुमची गाठ लवकरच पडते. कधी केसपेपरवर निदान स्पष्ट लिहिलेले असते आणि काय करायचे हे ठरलेले असते. पुष्कळदा मात्र कागदावर काहीच नसते. समोर बसलेला असतो तो महिनाभर खोकणारा, दोन ठिकाणी खोकल्याचे पातळ औषध बदलून आलेला, कंबरेचा पट्टा दोन भोके आत घेतलेला माणूस. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे. ज्याचे निदान झाले आणि ज्याला योग्य औषधे नियमित मिळू लागली, त्याच्यापासून इतरांना असलेला धोका काही दिवसांतच झपाट्याने उतरतो. रोग पसरतो तो निदान होईपर्यंत वाया गेलेल्या आठवड्यांत आणि मध्येच सुटलेल्या उपचारांच्या काळात. हे दोन्ही काळ आखूड करण्याची सर्वाधिक संधी परिचारिकेला मिळते, कारण रुग्णाला सर्वांत आधी ती पाहते आणि त्याच्याशी सर्वांत जास्त वेळ तीच बोलते.

कायद्याची बाजू आधी समजून घ्या

भारतात ७ मे २०१२ पासून क्षयरोग हा अधिसूचित आजार आहे. म्हणजे सरकारी असो वा खासगी, निदान किंवा उपचार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने हे बंधन औषधविक्रेत्यांवरही आले आणि नोंद टाळणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली कारवाई होऊ शकेल, असे स्पष्ट करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याच आशयाची कलमे २७१ आणि २७२ अशी आहेत. नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीवर होते आणि प्रत्येक रुग्णाला एक निक्षय आयडी मिळतो. औपचारिक जबाबदारी डॉक्टरांची व संस्थेची असली, तरी नोंदीतला बराचसा मजकूर तुम्ही भरलेल्या केसपेपरमधूनच जातो, हे ध्यानात असू द्या.

फुप्फुसाचा नसलेला क्षयरोग, म्हणजे मानेतल्या गाठींचा, मणक्याचा, पोटाचा, सहसा दुसऱ्याला लागत नाही. तरीही त्याचीही नोंद करायचीच असते. खासगी दवाखान्यांत ही नोंद राहून जाताना दिसते. ‘थुंकीत जंतू नाहीत, मग कळवायचे कशाला’ असे कोणी म्हणाले, तर शांतपणे हा नियम सांगा.

रोग पसरतो कसा, याविषयी मनात संदेह नको

फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा क्षय असलेली व्यक्ती खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते किंवा गाते, तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत जातात. एक ते पाच मायक्रॉन आकाराचे हे कण जमिनीवर पडत नाहीत. बंद खोलीत ते काही तास तरंगत राहतात. म्हणून रुग्ण उठून गेल्यावरही त्या खोलीची हवा धोक्याची असू शकते, आणि म्हणूनच उघड्या खिडक्यांची एक जोडी कितीतरी फिनाइलपेक्षा अधिक काम करते. ताट, वाटी, कपडे, चादर, संडास यांतून क्षयरोग पसरत नाही. घरोघरी आजही रुग्णाची भांडी वेगळी काढली जातात आणि त्याच वेळी त्याला आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत झोपवले जाते; म्हणजे नको ती काळजी घेतली जाते आणि हवी ती राहून जाते. हा गैरसमज खोडून काढणे हे तुमचे रोजचे काम आहे, असे समजा.

जंतू शरीरात गेलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, तंबाखू, दारू यांमुळे हा धोका वाढतो, आणि पाच वर्षांखालील मुलांत तो विशेष असतो. जन्मतः दिलेली बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या गंभीर क्षयापासून वाचवते. मोठ्या माणसांतला फुप्फुसाचा क्षय मात्र तिच्या भरवशावर थांबत नाही.

पहिली पायरी : रांगेतला खोकला ओळखणे

सकाळची ओपीडी सुरू होण्याआधीची दहा मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात. बाकांवर दाटीने बसलेल्या पन्नास-साठ माणसांत कोण खोकतो आहे, हे डॉक्टरांना त्यांच्या केबिनमधून दिसत नाही; केसपेपर गोळा करणाऱ्या सिस्टरला दिसते. रांगेतून एक फेरी मारा आणि खोकणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात विचारा.

‘काका, खोकला किती दिवसांचा?’

‘झाले की सिस्टर, दोन-तीन आठवडे. सिझन बदललाय ना.’

‘संध्याकाळी अंग तापतं का? रात्री घामानं बनियन ओलं होतं का? जेवण कमी झालंय का?’

एवढे तीन-चार प्रश्न पुरतात. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला, तितकाच काळ ताप, वजनात लक्षणीय घट, रात्रीचा घाम, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असले तर ती व्यक्ती संशयित क्षयरुग्ण समजून पुढची वाट धरायची. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला कितीही दिवसांचा खोकला असला, तरी तपासणीला पाठवायचे. दोन आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. लहान मुलांत खोकला मागे राहतो आणि वजन न वाढणे, रेंगाळणारा ताप, खेळणे कमी होणे हीच खूण असते. अशा वेळी आईला ‘घरात कोणाला टीबी झाला होता का’ हे बाजूला घेऊन विचारा, कारण सासूसमोर तिला याचे उत्तर देता येईलच असे नाही.

ज्याच्यावर संशय आहे त्याला साधा सर्जिकल मास्क द्या, गर्दीतून उठवून उघड्या व्हरांड्यात किंवा खिडकीपाशी बसवा आणि त्याचा नंबर पुढे घ्या. रांगेतले लोक कुरकुर करतात. त्यांना ‘यांना तपासणीसाठी आधी सोडायचंय’ इतकेच सांगावे. रोगाचे नाव चारचौघांत उच्चारू नये. ‘टीबीवाले इकडे या’ अशी हाक अजूनही कुठेकुठे कानावर येते, आणि अशा एका हाकेने तो माणूस पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

दुसरी पायरी : बेडका नीट घेणे

तपासणी कितीही आधुनिक असली, तरी डबीत लाळ गेली तर निकाल चुकतो. आता बहुतेक ठिकाणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचण्या होतात. त्यांत जंतू आहे की नाही हे काही तासांत समजते आणि रिफाम्पिसिन या महत्त्वाच्या औषधाला तो दाद देईल की नाही हेही कळते. इतकी चांगली चाचणी वाया जाऊ नये, म्हणून नमुना घेताना रुग्णाजवळ दोन मिनिटे उभे राहा.

जागा उघड्यावर हवी : गच्ची, मोकळा व्हरांडा, इमारतीमागचे अंगण. संडास, ड्रेसिंग रूम, जिना किंवा लिफ्टसमोरचा बोळ कधीही नको. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. मग तुम्ही स्वतः करून दाखवा : दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा, आणि छातीच्या तळातून जोर लावून खोकायचे. बाटली ओठांशी धरून अलगद आत सोडायचे, बाहेरची कड भरू द्यायची नाही. दोन ते पाच मिलिलिटर दाट, चिकट, पिवळसर किंवा पांढरट बेडका आला की झाकण घट्ट लावायचे. वर फेस आणि खाली पाण्यासारखे पातळ दिसले, तर ती लाळ आहे; न रागावता पुन्हा प्रयत्न करायला सांगा. सकाळी उठल्याउठल्याचा नमुना सर्वांत चांगला, म्हणून घरी न्यायची बाटली देताना हीच कृती पुन्हा समजावा. नाव आणि क्रमांक बाटलीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. प्रयोगशाळेत झाकणे उघडली की ती आपसांत बदलू शकतात.

रुग्ण खोकत असताना तुम्ही त्याच्या समोर उभ्या राहू नका. वारा तुमच्या पाठीकडून त्याच्याकडे जाईल अशा बाजूला उभ्या राहा.

तिसरी पायरी : हवा

माझे मत असे, की आपल्याकडे मास्कवर जितका विश्वास ठेवला जातो तितका खिडकीवर ठेवला जात नाही. एन-९५ मास्क एका व्यक्तीचे रक्षण करतो, तर समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्या खोलीतल्या सर्वांचे. क्षयरुग्ण असलेल्या जागेत ताशी किमान बारा वेळा हवा बदलावी अशी अपेक्षा असते, आणि आपल्या जुन्या रुग्णालयांची उंच छते, लांब व्हरांडे व मोठ्या झडपा त्या कामाला फार उपयोगी आहेत. दुर्दैवाने त्याच झडपांसमोर कपाटे, जुन्या खाटा आणि फायलींचे गठ्ठे रचलेले असतात. वॉर्डात रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी कोणत्या खिडक्या उघडत नाहीत, कोणता एक्झॉस्ट पंखा बंद आहे, हे पाहून इनचार्ज सिस्टरांना लेखी द्या. पावसाळ्यात पाणी आत येते म्हणून खिडक्या बंद होतात. वाऱ्याच्या उलट बाजूच्या तरी उघड्या ठेवा. आतलीच हवा पुन्हा फिरवणारा एसी लावून, दारे-खिडक्या लावून घेऊन खोकणाऱ्या रुग्णांची तपासणी करणे ही खासगी दवाखान्यांतली नेहमीची आणि घातक सवय आहे.

तपासणीच्या खोलीत टेबल-खुर्च्या अशा मांडा, की स्वच्छ हवा आधी तुमच्यापर्यंत आणि मग रुग्णापर्यंत जाईल. टेबलफॅन रुग्णाच्या मागे ठेवून तोंड तुमच्याकडे केले असेल, तर तो आजच फिरवा.

एन-९५ कधी लावायचा? संशयित किंवा नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या खोलीत जाताना, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाजवळ, आणि ज्यांत हवेत कण उडतात अशा प्रत्येक कामात : सक्शन, नेब्युलायझेशन, श्वासनलिकेत नळी घालणे, ब्रॉन्कोस्कोपी, मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढणे. मास्क लावल्यावर दोन्ही तळवे त्यावर हलके टेकवून जोराने श्वास सोडा. नाकाच्या कडेने वारा डोळ्यांवर आला तर पट्टी पुन्हा दाबा. रुग्णाला एन-९५ देऊ नये. त्याला श्वासाचा त्रास आधीच असतो, आणि त्याचे कण बाहेर पडू न देण्यासाठी सर्जिकल मास्क पुरतो. बेडक्याने भिजलेला कापूस, टिश्यू आणि वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत जातात. मावशी आणि वॉर्डबॉय यांना हे सांगताना त्यांनाही मास्क द्या. वॉर्ड झाडताना व खाटा हलवताना रुग्णाच्या सर्वांत जवळ तेच असतात.

वॉर्डात खाटा कमी आणि रुग्ण जास्त, ही नेहमीची स्थिती. वेगळी खोली नसेल तर खोकणाऱ्या रुग्णाची खाट वाऱ्याच्या शेवटी, बाहेर जाणाऱ्या खिडकीजवळ ठेवा, आणि त्याच्या शेजारी एचआयव्ही, केमोथेरपी किंवा डायलिसिसचा रुग्ण येणार नाही हे पाहा. भेटीच्या वेळी लहान मुले आत येऊ देऊ नका.

चौथी पायरी : नोंद, आणि तिच्यातला पत्ता

निदान झाले की त्याच दिवशी नोंद व्हावी असा आग्रह धरा. यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी भाग म्हणजे पत्ता. ‘शिवशक्ती चाळ, गोवंडी’ एवढ्यावर कोणालाही शोधता येत नाही, कारण एकाच नावाच्या चाळी जवळजवळ अनेक असतात. गल्लीचे नाव, खोलीचा क्रमांक, जवळचे देऊळ, मशीद, रेशनचे दुकान किंवा सार्वजनिक शौचालय, आणि मालकाचे नाव लिहून घ्या. घर भाड्याचे आहे का आणि अकरा महिन्यांचा करार कधी संपतो, हेही विचारा. फोन नंबर रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा घ्या व रुग्ण समोर असतानाच लावून पाहा; बंद पडलेले नंबर तेव्हाच सापडतात. गावचा पत्ता वेगळा लिहा. हे सारे टीबी हेल्थ व्हिजिटरच्या हाती गेले, तरच तो दोन दिवसांत घरी पोहोचतो आणि घरातल्यांची तपासणी सुरू होते.

काही रुग्ण खोटा पत्ता देतात. त्यांच्यावर चिडण्याआधी त्यामागचे कारण समजून घ्या. घरमालक खोली रिकामी करायला सांगेल, घरकाम करणाऱ्या ताईंची सगळी कामे एका दिवसात जातील, मुलीचे ठरलेले लग्न मोडेल, ही भीती खरी असते. ‘तुमच्या घरी येणारा माणूस साध्या कपड्यांत येईल आणि शेजाऱ्यांना आजाराचं नाव सांगणार नाही’ असे आश्वासन द्या, आणि ते पाळले जाईल याची तजवीज करा. नोंद झाली की औषधे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा रक्कम बँक खात्यात जमा होते. एप्रिल २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. हे नोंदीच्या वेळीच सांगितले, की खरा पत्ता आणि खरे खाते मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

याच बैठकीत रक्तातली साखर आणि एचआयव्हीची तपासणी उरकून घ्यावी. ती प्रत्येक क्षयरुग्णाची करायची असते.

पाचवी पायरी : घर

मुंबईत प्रसार रोखण्याचा सर्वांत अवघड भाग रुग्णालयाबाहेर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, एक दार, वर पोटमाळा, समोरच्या खोलीची भिंत तीन फुटांवर : अशा घरात ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला देणे निरुपयोगी आहे. मानखुर्द-गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला तेव्हा, जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, तिथे क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. घर बदलणे तुमच्या हातात नाही. घरातल्या झोपण्याच्या जागा बदलणे आहे.

म्हणून तुम्ही गृहभेटीला गेलात, तर दारात उभे राहून फॉर्म भरू नका. आत बसा आणि हवा कुठून येते व कुठे जाते ते पाहा. रुग्ण दाराजवळ किंवा खिडकीखाली झोपावा आणि लहान मूल त्याच्यापासून सर्वांत लांब, पण शक्यतो पोटमाळ्याखालच्या कोंदट कोपऱ्यात नको आणि पंखा व दार यांच्या मधल्या वाटेतही नको. पहिले काही आठवडे रुग्णाने घरात मास्क लावावा, दिवसाचा जास्तीत जास्त वेळ गॅलरीत किंवा बाहेर मोकळ्या हवेत काढावा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट असेल तर तो चालू ठेवायला सांगा. बेडका झाकणाच्या डब्यात फिनाइल घालून धरावा आणि रोज संडासात ओतून डबा उकळत्या पाण्याने धुवावा. रुग्ण अंगावर पाजणारी आई असेल तर तिने दूध बंद करू नये. मास्क लावून पाजावे, आणि बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध द्यावे.

घरातल्या प्रत्येकाची लक्षणे विचारणे आणि छातीचा एक्स-रे काढणे हे यापुढचे काम. ज्यांना सक्रिय रोग नाही, त्यांना प्रतिबंधक उपचार द्यायचे असतात. ते सहा महिने रोज आयसोनियाझिड असे किंवा बारा आठवडे, आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड-रिफापेंटिन असे दिले जातात. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण धडधाकट माणसाला गोळ्या का घ्यायच्या हे समजावण्याचे काम तुमच्याकडेच येते. पाच वर्षांखालील मूल या यादीतून एकही सुटता कामा नये. आत्याकडे, मामाकडे गेलेले मूलही मोजा.

सहावी पायरी : औषधे शेवटच्या गोळीपर्यंत

औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे : पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, सर्व एकत्रित गोळीत आणि रोज. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. प्रौढांत २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. उपचारांत वजन वाढले की गट बदलू शकतो, म्हणून दर महिन्याला वजन करा आणि बदल दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्याच दिवशी सांगून ठेवायच्या काही गोष्टी आहेत. लघवी केशरी होईल, घाबरू नये. मळमळ, सांधेदुखी होऊ शकते, त्यावर उपाय असतो. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, नजर अंधूक झाली किंवा रंग नीट ओळखता येईनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी यायचे, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर पायरिडॉक्सिन मिळते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला हे आवर्जून सांगा, की रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो आणि दुसरे साधन वापरावे लागेल. ज्याला त्रास आधी सांगितलेला असतो तो त्रास झाला की परत येतो. ज्याला सांगितलेला नसतो तो घरच्या घरी औषध सोडतो.

सर्वांत मोठी गळती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते, कारण तोवर खोकला थांबलेला असतो, भूक परतलेली असते आणि माणूस कामावर जाऊ लागलेला असतो. या आठवड्यांत एक फोन जास्त करा. मुंबईत याला सणांचीही जोड असते. गणपतीला आणि शिमग्याला कोकणात, मे महिन्यात घाटावर किंवा उत्तरेत, अशी माणसे पंधरा-पंधरा दिवस जातात. ‘गावाला कधी जाणार’ हा प्रश्न उपचाराच्या सुरुवातीलाच विचारा, कार्डावर तारीख टिपून ठेवा आणि जाण्याआधी तेवढ्या दिवसांच्या गोळ्या हातात द्या. मुक्काम लांबणार असेल तर निक्षयवरून त्या जिल्ह्यात बदली करून घ्या. आयडी देशभर तोच चालतो. क्षयरोगाची १८००-११-६६६६ ही निःशुल्क मदतवाहिनी प्रत्येकाच्या कार्डावर लिहून द्या.

दारू पिणाऱ्या रुग्णाला उपदेश केला, की तो येणे बंद करतो. त्याला सकाळी, कामावर जाण्याआधी गोळ्या घ्यायला सुचवा आणि घरातल्या ज्याचे तो ऐकतो त्या व्यक्तीला सोबतीला घ्या. दोन महिने पूर्ण झाल्यावर आणि उपचार संपताना बेडक्याची तपासणी होते. ती चुकवून कार्ड बंद करू नका.

औषधांना दाद न देणारा क्षय

मुंबईला हा विषय नवा नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस, त्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारे चार रुग्ण आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या शहराकडे वळले होते. तेव्हापासून चाचण्या पुष्कळ सुधारल्या. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांचा, सुमारे सहा महिन्यांचा तोंडी घ्यायचा उपचारक्रम २०२४ मध्ये भारतात मान्य झाला. पूर्वी अशा रुग्णाला महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत.

परिचारिकेसाठी यातला मुद्दा असा : नेहमीच्या गोळ्या सुरू असूनही अशा रुग्णाचा संसर्ग कमी होत नाही. रिफाम्पिसिनला दाद नाही असा निकाल आला, की ‘दोन आठवडे औषध झाले, आता काळजी नाही’ हे गृहीत पूर्णपणे बाजूला ठेवा. नवी औषधे लागू पडून तपासणी नकारात्मक येईपर्यंत मास्क, हवा, वेगळी जागा सगळे कायम ठेवा. निकाल हाती येताच त्याच दिवशी डॉक्टरांना आणि विभागाच्या क्षयरोग पथकाला फोनवर कळवा. रिपोर्ट फायलीत लावून पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. गरज पडल्यास शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात पाठवताना रुग्णासोबत आधीची सर्व कागदपत्रे, औषधांच्या तारखा आणि घरातल्यांच्या तपासणीची स्थिती लिहून द्या. रुग्णवाहिकेच्या चालकाला मास्क द्या आणि काचा उघड्या ठेवायला सांगा.

स्वतःची तपासणी

ड्युटी संपवून उपाशीपोटी कर्जत किंवा विरारची लोकल पकडणाऱ्या, रात्रपाळीनंतर तीन तास झोपून पुन्हा उभ्या राहणाऱ्या परिचारिकांना क्षयरोग होतो, आणि त्या सांगायला सर्वांत उशीर करतात. रजा मिळणार नाही, वॉर्डात चर्चा होईल, हॉस्टेलमध्ये खोली बदलावी लागेल, या शंका त्यांच्याही मनात असतात. वर्षातून एकदा एक्स-रे आणि लक्षणांची तपासणी मागून घ्या. दिवस गेले असतील, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर मेट्रनना सांगून क्षयाच्या वॉर्डातली ड्युटी बदलून घेणे हा तुमचा हक्क आहे. त्यात कमीपणा नाही. स्वतःचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर खोकल्याचे औषध स्टॉकमधून घेऊन काम ढकलू नका. रुग्णाला देता तीच बाटली घ्या, गच्चीवर जा आणि सकाळचा नमुना स्वतःच्या नावाने प्रयोगशाळेत द्या. शेजारच्या खाटेवर काम करणाऱ्या सहकारी सिस्टरचा खोकला तुमच्या कानावर पडत असेल, तर तिला तेच सांगा, आणि तिची त्या दिवशीची ओपीडी तुम्ही सांभाळा.